शेवटचा दिवस कोरडा

अंदमानच्या सहलीचं एक वेळापत्रक सध्या समोर आहे. पाच रात्री, सहा दिवस. सहाजणांचं कुटुंब: सत्तरीतले आजी-आजोबा, चाळिशीतले आई-बाबा, चौदा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. आजोबांना मधुमेह, बाबांना रक्तदाब. कागद रंगीत आहे, हॉटेलं चांगली आहेत. तिसऱ्या दिवशी ‘आरामात नाश्ता, ११ वाजता एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग’. पाचव्या दिवशी शहीद द्वीपला ‘४ वाजता प्रवाळ पाहत खडकांवरून फेरी’. आणि सहाव्या दिवशी, सहलीचा कळस म्हणून, सकाळी ७ वाजता स्कूबा डायव्हिंग, मग बोटीनं पोर्ट ब्लेअर आणि दुपारी २ चं विमान.

यातली एकही गोष्ट वाईट नाही. चुकला आहे तो क्रम आणि चुकल्या आहेत त्या वेळा. आपण वेळापत्रक आखतो ते हॉटेलच्या ‘चेक-इन’वर आणि बोटीच्या तिकिटांवर. बेटावर मात्र आणखी तीन घड्याळं चालू असतात: सूर्याचं, समुद्राचं आणि आपल्या शरीराचं. या तिघांना विचारून दिवस आखले, तर त्याच पैशांत, त्याच जागी, तीच सहल जास्त सुरक्षित होते आणि जास्त मजेची ठरते.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. मुंबई त्याच्या पश्चिमेला सुमारे ७३ अंशांवर, तर पोर्ट ब्लेअर पूर्वेला सुमारे ९३ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबानं दोन्ही ठिकाणच्या सूर्यात जवळपास ८० मिनिटांचा फरक पडतो. मनगटावरचं घड्याळ मात्र दोन्हीकडे सारखंच असतं. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारानंतर. अंदमानात तो अकरा ते साडेअकराच्या सुमारासच माथ्यावर असतो. डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी पाचनंतर लगेच अंधारू लागतं.

म्हणजे ‘११ वाजता स्नॉर्केलिंग’ हे तिथलं भर मध्यान्ह. त्यातून हे बेट सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे नेमकी आपल्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा, तिथे मध्यान्हीचा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. स्नॉर्केलिंग करणारा माणूस पाण्यावर पालथा तरंगत असतो. पाठ, मान आणि पोटऱ्या उन्हाकडे असतात आणि पाणी गार लागत असल्यामुळे चटका जाणवत नाही. अतिनील किरण उथळ पाण्यातून आरपार जातात. रात्री मुलगा पाठीवर झोपू शकत नाही, तेव्हा कारण कळतं.

मुलांना शिकवण्याजोगा एक सोपा नियम आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन तीव्र आहे असं समजायचं आणि सावलीत जायचं. अंदमानात हा काळ साधारण साडेआठ-नऊ ते दोन-अडीच असा धरावा. त्यामुळे तिथला दिवस पहाटे पाचला सुरू करावा. पाण्यातले खेळ नऊच्या आत उरकावेत, दुपारी जेवण आणि झोप, आणि तीननंतर पुन्हा किनारा. बोटींच्या वेळांमुळे उशीर झालाच, तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा हवाच. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन पाण्यात उतरण्यापूर्वी वीसेक मिनिटं आधी लावावं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सदऱ्याचा आणखी एक फायदा आहे. काही सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेंझोन प्रवाळांना घातक ठरत असल्याचं प्रयोगांत दिसल्यानं हवाई आणि पलाऊ इथे अशा मलमांच्या विक्रीवर बंदी आहे. अंदमानच्या प्रवाळांनी २०१० मध्ये समुद्र तापल्यामुळे मोठ्या प्रमाणावर रंग गमावला होता. जितकं अंग कापडानं झाकलेलं, तितकं मलम कमी लागतं.

समुद्र कुणाची वाट पाहत नाही

आता पाचव्या दिवसाची ‘४ वाजताची फेरी’. शहीद द्वीपच्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथवर जाण्याची वाट आणि भोवतालची प्रवाळांची डबकी ओहोटीलाच उघडी पडतात. पण ओहोटी रोज चारला येत नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे भरती-ओहोटीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज चारला उघडी असलेली वाट आठवड्याभरानं त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. खडकांत फिरायला हे दिवस उत्तम. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हा चढ-उतार कमी.

कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, तिकडे चालत नाही. प्रत्येक किनाऱ्याची खोली आणि आकार वेगळा, त्यामुळे चंद्रामागून पाणी येण्याची वेळही वेगळी. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करते, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचा आणि प्रवाहांचा अंदाज देते. तारखा ठरवतानाच हे पाहून ठेवावं आणि तिथे पोहोचल्यावर स्थानिक नावाड्याला विचारून खात्री करावी.

खडकांवरच्या फेरीचा नियम असा: सर्वांत खालच्या ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी चढू लागण्याआधी परत फिरायचं. पायांत जाड तळव्याचे, मागे पट्टा असलेले बूट हवेत. मधुमेहानं तळव्यांची संवेदना कमी झालेल्या आजोबांना तापलेल्या वाळूचा चटका किंवा प्रवाळाचा काप कळणारही नाही. प्रवाळाची जखम लहान दिसली तरी लवकर चिघळते. ती ताबडतोब स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवावी, आत अडकलेले कण काढावेत आणि संध्याकाळी आजोबांचे दोन्ही तळवे दिव्याखाली तपासावेत. जिवंत प्रवाळावर पाय मात्र कुणीच देऊ नये.

पोहण्यासाठी नेमकं उलटं. अशा खडकाळ, उथळ किनाऱ्यावर ओहोटीला पोहता येत नाही, तिथे भरती हवी. स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर वाळू आहे आणि जीवरक्षक असतात. त्यांनी आखून दिलेल्या भागातच उतरावं. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका, असा फलक दिसला तर तो कागदोपत्री इशारा समजू नये.

लहान मुलांसाठी सर्वांत मोठा धोका मात्र मगर नाही, पाणीच आहे. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हात हलवत नाही. ते गुपचूप खाली जातं. फुगवलेली चाकं आणि बदकं ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधनं नव्हेत. सात वर्षांच्या मुलापासून एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. ‘आम्ही सगळे होतो’ याचा अर्थ पुष्कळदा ‘कुणीच पाहत नव्हतं’ असा निघतो. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या नावानिशी लावाव्यात.

रक्तातला सोडा

आता सहाव्या दिवसाकडे येऊ. स्कूबा करताना आपण टाकीतली हवा श्वासात घेतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. सोड्याची बाटली सावकाश उघडली तर फेस येत नाही. झटक्यात उघडली की फसफसते. विमान म्हणजे ही बाटली आणखी उघडणं. प्रवासी विमानातला दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तितका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावरच्यापेक्षाही कमी असतो. शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे तिथे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, धाप, अनाकलनीय थकवा ही त्याची लक्षणं. गंभीर असेल तर मज्जारज्जूलाही इजा होते.

म्हणूनच पाणबुड्यांच्या वैद्यकशास्त्रात सर्वमान्य नियम आहे. एकच साधा डाइव्ह केला असेल, तर विमानापूर्वी किमान १२ तास थांबावं. अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल, तर किमान १८ तास. आपल्या वेळापत्रकात मधे आहेत जेमतेम सहा तास. पर्यटकांना नेतात त्या उथळ, छोट्या डाइव्हमध्ये धोका कमी असतो हे खरं. पण फक्त क्रम बदलून जो धोका शून्याजवळ जातो, तो घ्यायचाच कशाला? बोटीचा प्रवास समुद्रसपाटीवरचा असतो, त्याला ही अट नाही. नुसत्या तोंड बुडवून केलेल्या स्नॉर्केलिंगलाही नाही.

दुसरा मुद्दा त्या फॉर्मचा. पाण्यात उतरण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. मागे रांग असते आणि ‘सगळीकडे नाही लिहा’ असं कुणीतरी सुचवतं. तसं लिहू नये. दमा, फिट्स, हृदयविकार, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतलं काही असेल, तर निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो आणि गरोदरपणात स्कूबा नाहीच. बाबांनी रक्तदाबाबद्दल घरूनच निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी घ्यावी. सर्दी झाली असेल तर डाइव्ह रद्द. नाक-कान जोडणारी नळी बंद असताना खाली गेलं, की एक-दोन मीटरवरच कान ठणकतो आणि जोर केला तर पडदा फाटतो. प्रशिक्षण संस्था समुद्रातल्या डाइव्हसाठी साधारणपणे किमान वय १० वर्षं धरतात. म्हणजे ताई जाऊ शकते, धाकटा नाही. आणि पाण्याखाली पाळायचा पहिला नियम ताईकडून घोकून घ्यावा: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर घेतलेला श्वास रोखून वर आलं, तर फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते.

तोच कागद, नव्यानं

आता सहा दिवस पुन्हा मांडू. पहिला दिवस प्रवासाचा आणि झोपेचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं स्वराज द्वीप. हा प्रवास दीड ते अडीच तासांचा असतो आणि बोट हलते. कान सांगतो ‘हलतोय’, मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात ‘स्थिर आहे’ आणि या भांडणात पोट ढवळतं. दोन ते बारा वयाच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. बोटीच्या मध्यभागी बसावं, क्षितिजाकडे पाहावं, आधी हलकं खावं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. तिनं गुंगी येते, म्हणून डाइव्हच्या दिवशी नको. संध्याकाळी राधानगर.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताई आणि आई-बाबांची स्कूबा. धाकटा आजी-आजोबांबरोबर वाळूत किल्ला करतो. पाण्यापासून दूर, कारण त्याच्यामागे धावण्याचं काम आजीकडे देणं बरं नव्हे. आजोबांचं इन्सुलिन उन्हातल्या पिशवीत नाही, थंड पाकिटात. चौथ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीनं एलिफंट बीच आणि सगळ्यांचं स्नॉर्केलिंग. आजोबांनी काहीतरी खाऊनच, लाइफ जॅकेट घालून. पाचव्या दिवशी शहीद द्वीप, ओहोटीच्या वेळेनुसार फेरी, आणि संध्याकाळच्या बोटीनं पोर्ट ब्लेअर. मोठी रुग्णालयं तिथेच आहेत; छोट्या बेटांवर प्राथमिक उपचारच मिळतात. त्यामुळे शेवटची रात्र तिथे असलेली बरी. बोट रद्द झाली तर विमानही चुकत नाही.

तारखांबद्दल एक सूचना. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोसमी पाऊस अंदमानात पोहोचतो. महाराष्ट्रात तेव्हा उकाडा असला, तरी तिथला समुद्र खवळू लागलेला असतो. मे महिन्याचा उत्तरार्ध टाळावा.

आणि सहावा दिवस? तो कोरडा. पहाटे उठायची सवय एव्हाना लागलेली असते. उन्हं चढण्याआधी तयार व्हावं आणि सेल्युलर जेल उघडताच आत जावं. सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहायला कुठलीही प्रश्नावली भरावी लागत नाही आणि आजोबांना नातवंडांना सांगायचं असतं ते इथेच सांगता येतं. दुपारी २ च्या विमानात सगळे झोपलेले असतील. ताईच्या रक्तात तीन दिवसांपूर्वीच्या त्या डाइव्हचं काहीही उरलेलं नसेल. डोक्यात मात्र ती अजून पाण्याखालीच असेल.