प्रशिक्षण : ताळेबंदात न दिसणारी मत्ता

संकरित कापसाचे बियाणे हाताच्या कौशल्यावर तयार होते. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारी ओळखून तिचे पुंकेसर अलगद काढावयाचे आणि सकाळी नर वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावावयाचे, अशी ही पद्धत आहे. पुंकेसर थोडे जरी मागे राहिले, तरी स्वपरागीभवन होऊन बियाण्याची शुद्धता बिघडते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी स्थापन केलेला जालना जिल्हा बियाणे उद्योगासाठी ओळखला जातो. शिकून तयार झालेले हात हे या उद्योगाचे मोठे भांडवल होय. परंतु कंपन्यांच्या ताळेबंदात इमारती, यंत्रे व मालाचा साठा दिसतो. हे भांडवल दिसत नाही.

जमाखर्चाचा नियम

यामागे कारण आहे. एखादी गोष्ट मत्ता म्हणून नोंदावयाची, तर तिच्या लाभावर संस्थेचे नियंत्रण असावे लागते. कुशल कर्मचारी केव्हाही नोकरी सोडू शकतो. म्हणून भारतीय लेखा मानक ३८ नुसार प्रशिक्षणावरील रक्कम त्याच वर्षीचा खर्च धरली जाते. नियम सयुक्तिक असला, तरी त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. प्रशिक्षण बंद केले, की त्या वर्षीचा नफा वाढलेला दिसतो. घटलेले कौशल्य मात्र कोठेच दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. लेव्ह व श्वार्ट्झ यांनी १९७१ मध्ये कर्मचाऱ्याच्या निवृत्तीपर्यंतच्या वेतनाचे आजचे मूल्य काढण्याची रीत मांडली. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक उपक्रमाने त्याच दशकात असे मूल्य पूरक माहिती म्हणून प्रसिद्ध केले. तथापि, या रीतीने वेतन मोजले जाते. प्रशिक्षणाने पडलेली भर वेगळी कळत नाही.

गावपातळीवर

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीचा पंप जडवस्तू नोंदवहीत चढतो. तो पंप चालविण्याचे आणि पाण्यात टीसीएल पावडर योग्य प्रमाणात मिसळण्याचे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी काम सोडून गेला, तर ती हानी कोणत्याही वहीत येत नाही. दूषित पाण्याच्या रूपाने ती गावकऱ्यांना सोसावी लागते.

यासाठी रुपयांत मूल्य काढण्याची गरज नाही. कोणी, केव्हा, कोणते प्रशिक्षण घेतले, खर्च किती झाला, ती व्यक्ती आज कोणत्या कामावर आहे आणि तिने आणखी कोणास शिकविले, एवढी नोंद पुरेशी आहे. ग्रामपंचायत, शाळा व कार्यालय यांनी ती ठेवून वर्षातून एकदा तपासावी. शेवटचा रकाना कोरा असेल, तर ते कौशल्य एकाच माणसाच्या हाती आहे, हे वेळीच ध्यानात येईल.