थंडीत बोटं पांढरी पडतात तेव्हा

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमची थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत माझ्याकडे हमखास एक तक्रार येते : "डॉक्टर, सकाळी भांडी घासायला बसलं की बोटं खडूसारखी पांढरी पडतात. झडणार तर नाहीत ना?"

बहुतेकांची झडत नाहीत. थंडीत आतली ऊब राखण्यासाठी शरीर बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. काहींच्या त्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. मग बोट पांढरं पडतं, निळसर आणि बधिर होतं. ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतं. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली याचं वर्णन केलं, म्हणून या विकाराला त्यांचं नाव मिळालं.

तरुणपणी सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखा होणारा त्रास सहसा निरुपद्रवी असतो. पण तो चाळिशीनंतर प्रथमच सुरू झाला, एकाच हाताला होऊ लागला, बोटांच्या टोकांना जखमा झाल्या किंवा कातडी ताठ होऊ लागली, तर मागे स्क्लेरोडर्मासारखा आजार असू शकतो. अशा वेळी मी मनगटाची नाडी पाहतो, नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब ठेवून भिंगातून केशवाहिन्या तपासतो, रक्ताची एएनए तपासणी सांगतो. दवाखान्यात येईपर्यंत बोटांचा रंग पूर्ववत होतो. म्हणून मोबाइलवर फोटो काढून आणा.

उपचार घरापासूनच सुरू होतात. नुसते हातमोजे पुरत नाहीत. डोकं, छाती, पायही उबदार हवेत. पाणी कोमट घ्या. बधिर बोटं शेगडीवर धरू नका, चटका बसलेला कळत नाही. आणि तोंडात खर्रा ठेवून हातमोजे घालण्यात अर्थ नाही. तंबाखूतलं निकोटिनही रक्तवाहिन्या आवळतं, बिडी-सिगारेटचंही तेच.

रक्तदाबाच्या आणि अर्धशिशीच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. एवढ्यानं भागलं नाही, तर निफेडिपिनसारखं औषध देतात. त्यानं रक्तदाब उतरू शकतो, पाय सुजू शकतात. म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नये.

बोट काळं पडलं, जखम चिघळली किंवा रंग परतलाच नाही, तर थंडी सरायची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.