धक्क्याला घासणारी पट्टी

मालवणच्या नाहीतर मांडव्याच्या धक्क्यावर लाटेसरशी फायबरची स्पीडबोट वरखाली होते आणि तिच्या कडेची पट्टी खांबावर करकरत राहते. बोटीचं खालचं अंग आणि वरचा डेक जिथे जुळतात, तो सांधा झाकणारी ही पट्टी म्हणजे रब रेल. ती बदलायची म्हटली की सल्ले फुकट मिळतात, आणि बरेचसे चुकीचे.

“स्टेनलेस टाका, जन्माची कटकट मिटेल.” कुठलं स्टेनलेस? ३०४ला खाऱ्या हवेत गंजाचे बारीक ठिपके पडतात. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते जास्त तग धरतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, “बघा, चिकटत नाही, अस्सल माल!” पण चुंबक ३०४लाही सहसा चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२लाही नाही. त्याला चुंबक खिशात ठेवायला सांगावं आणि ग्रेडचं टेस्ट सर्टिफिकेट मागावं. बरं, ३१६सुद्धा अमर नाही. पट्टीमागे, स्क्रूच्या डोक्याखाली खारं पाणी कोंडलं आणि तिथे प्राणवायू पोचेनासा झाला की तपकिरी ओघळ तिथूनच सुरू होतात.

“अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही.” तांबूस गंजत नाही, एवढंच खरं. स्टीलचा स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि मध्ये समुद्राचं पाणी, की झाली बॅटरी तयार! तीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की ओळखावं. दोन धातूंमध्ये विद्युतरोधक पेस्ट लावली तर हे बरंच लांबतं.

“पीव्हीसी म्हणजे हलका माल.” माझं मत उलटं आहे. लहान बोटीला मऊ पीव्हीसीच बरी; ती दबते, पुन्हा फुगते, दणका फायबरपर्यंत जाऊ देत नाही. उन्हाने तिचा मऊपणा हळूहळू जातो, ती आखडते आणि टोकाशी फट पडते, हे मात्र खरं. काळी पट्टी पांढरीपेक्षा ऊन जास्त सोसते, कारण तिच्यात काजळी मिसळलेली असते. बसवण्याआधी तासभर उन्हात पसरून ठेवली की नाळेच्या वळणावर मुकाट वळते. तिचा खरा वैरी म्हणजे खांबावरची कालवं. त्यांच्या कडा सुरीसारख्या चिरतात. तशा धक्क्यावर पीव्हीसीवर ३१६ची अर्धगोल पट्टी चढवावी.

सागवान जुनाट म्हणून हिणवतात. तेलपाणी मागतं खरं, पण फुटलेला तेवढाच तुकडा सुतार बदलून देतो.

“पट्टी भक्कम आहे, फेंडर कशाला?” मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटीत बांधलेल्या बोटीची कड धक्क्याच्या तुळईखाली सरकली, तर भरतीचं पाणी तिला खालून वर दाबत राहतं. तिथे पट्टी काय करणार? फेंडर लटकवायचे आणि दोर सैल-घट्ट करायला माणूस ठेवायचा.

पावसाळ्यात बोट वर काढली की जुनी पट्टी उखडून आधी भोकं तपासावीत. स्क्रू भोकात नुसताच फिरत असेल, तर कितीही महागडी पट्टी आणली तरी सांध्यातून पाणी आत येणारच.