बाजाराला जाताना पाणी पिऊन निघता का?



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हिशेब संपल्यावर आम्ही सहज विचारलं, "सोमवारी तालुक्याच्या बाजाराला जाताना पाणी पिऊन कोण निघतं?" चौदाजणींपैकी दोघींनी हात वर केला. बाकीच्या हसायला लागल्या. एक आक्का म्हणाल्या, "पिऊन जायचं कुठं? मी तर चहासुद्धा अर्धाच घेते."

सकाळी सातला भाजीची पाटी घेऊन टेम्पोत बसायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवी दाबून धरायची. हसण्यावारी नेलं तरी यात आजार आहे. पाणी कमी प्यायलं आणि लघवी रोखली की जंतू आत राहतात आणि वाढतात. बायकांचा लघवीचा मार्ग आखूड असतो, म्हणून आपल्याला हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो. जळजळ होते, ओटीपोट दुखतं, थंडी वाजून ताप येतो. गरोदरपणी दुर्लक्ष झालं तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचतात, दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याची भीती असते. गोळ्या घेतल्या की बरं वाटतं, आणि पुढच्या सोमवारी परत पहिले पाढे पंचावन्न.

मग या दुखण्याला जबाबदार कोण? ती बाई, की मुतारी न बांधलेला बाजार?

आज आपण यावरच बोलणार आहोत. घर बांधताना आपण बघतो की मोरी कुठं, पाण्याची घागर कुठं, चुलीचा धूर कुठून जाईल. हे एकदा चुकलं की कितीही सारवा, कितीही पुसा, घरात दुखणं राहतंच. शहर म्हणजे असंच एक मोठं घर. आपली तालुक्याची गावं बघता बघता शहरं झाली, पण मोरी कुठं आणि घागर कुठं हे कुणी नीट ठरवलंच नाही.

पाण्याचंच बघा. कितीतरी लहान शहरांत नळाला दोन-तीन दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात आठवड्यानं. मग प्रत्येक घरी टाकी, बॅरल, हंडे, कळशा भरून ठेवाव्या लागतात. डेंग्यूचा डास अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. आरोग्यसेविका ताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो यासाठी. ते आपण पाळलंच पाहिजे. पण नळाला पाणी कधी येणार याचा भरवसा नसेल, तर भरलेली टाकी ओतून द्यायचं धाडस कोण करील?

दुसरी गोष्ट दिसत नाही, पण जास्त घातक आहे. बऱ्याच ठिकाणी नळाची पाइप गटाराच्या कडेनं, कधी गटारातूनच गेलेली असते. पाणी बंद झालं की पाइप रिकामी पडते. जिथं ती फुटलेली असते तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी नळ सोडला की पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात येतं. जुलाब, विषमज्वर, कावीळ घरात येतात त्या अशा वाटेनं. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. ती हिपॅटायटिस ई या जातीची होती. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ इतरांना सहसा बरी होते, पण गरोदर बाईच्या, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. पाइप कुठून टाकायची हे ठरवताना तिथं किती बायका हजर असतात?

तिसरी गोष्ट रस्त्याची. डॉक्टर साखरेच्या आणि बीपीच्या पेशंटला रोज चालायला सांगतात. आमच्या तालुक्याच्या मुख्य रस्त्याला चालायला कडच नाही. एका बाजूला दुकानांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला लावलेल्या मोटारसायकली, मधून उसाचे ट्रॅक्टर. शाळेच्या पोरी आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या मावश्या त्याच गर्दीतून वाट काढतात.

आता गंमत बघा. या सगळ्यावर आपल्याला मिळणारा सल्ला एकच: पाणी उकळून प्या, भांडी झाका, भरपूर पाणी प्या, रोज चाला. सल्ला खरा आहे, आम्हीही तोच देतो. पण शहराच्या मांडणीतली चूक बाईनं घरात बसून निस्तरायची, असा त्याचा अर्थ होऊ नये.

मांडणी बदलता येते, याचं उदाहरण लांब नाही. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. तिथं नगरपंचायतीनं नवीन पाइपा टाकल्या, घरोघरी मीटर बसवले आणि चोवीस तास पाणी सुरू केलं. जेवढं वापराल तेवढं बिल. पाणी सतत असलं की साठवायची गरज राहत नाही, आणि पाइप कायम भरलेली असली की बाहेरची घाण सहजासहजी आत शिरत नाही. एका मांडणीनं दोन दुखण्यांची वाट अडवली.

आम्हीही दोन वर्षांपूर्वी बाजारात बायकांसाठी मुतारी हवी म्हणून अर्ज दिला होता. चाळीस सह्या होत्या. मुतारी बांधून झाली, आम्ही पेढे वाटले. पण ती बांधली बाजाराच्या मागच्या अंगाला, देशी दारूच्या दुकानापलीकडं. दिवा नाही, पाणी नाही, दाराला बाहेरून कुलूप. एकही बाई तिकडं फिरकली नाही. चूक आमचीही होती. मुतारी हवी एवढंच आम्ही लिहिलं होतं, कुठं हवी आणि कशी हवी हे लिहिलंच नव्हतं.

मग भाजीवाल्या मावश्यांना घेऊन आम्ही सगळा बाजार पायी फिरलो. त्यांनी जागा दाखवली: टेम्पो थांबतो त्याच्या शेजारी, माणसांच्या वावरात, नळाजवळ. आतून कडी, वर दिवा, पॅड टाकायला डबा. हे सगळं लिहून, हातानं नकाशा काढून दुसरा अर्ज दिला. सध्या जुन्या मुतारीचं कुलूप बाजारच्या दिवशी उघडतं आणि दिवाही लागलाय. नवीन जागेचा निर्णय अजून व्हायचाय. आम्ही दर महिन्याला विचारायला जातो.

हे सगळं तुम्हाला आत्ता सांगायचं कारण असं. 2014 नंतर राज्यातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. तसं झालं की ग्रामसभा संपते. हात वर करून सरपंचाला विचारायची जागा जाते. त्याऐवजी शहराचा विकास आराखडा येतो. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार साधारण वीस वर्षांसाठी तो तयार होतो. बाजार कुठं, रस्ता किती रुंद, दवाखाना, बाग, शौचालय यांना कोणती जागा राखून ठेवायची, हे त्यात ठरतं. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रात जाहिरात येते, आणि ठरलेल्या मुदतीत कुणालाही लेखी हरकत किंवा सूचना देता येते. त्यावर सुनावणी होते. एरवी तिथं हजर असतात ते जमीनवाले, कारण कुणाच्या प्लॉटवर आरक्षण पडलं ही त्यांची काळजी. आपण गेलो नाही तर नकाशावर मुतारी येणारच कशी?

म्हणून एवढं करा. पुढच्या बाजारी पाच-सहाजणी मिळून तासभर फिरा. मुतारी कुठं, नळाची पाइप गटारातून कुठं गेलीय, पाणी कुठं तुंबतं, पोरी रस्ता कुठं ओलांडतात, हे कागदावर काढा. नगरपंचायतीत जाऊन विकास आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा. अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, तेव्हा तुमच्या नगरसेविका ताईंना बरोबर घ्या.

आणि हो, तुम्ही खेड्यात राहता म्हणून शहराचं आपल्याला काय, असं म्हणू नका. बाजार तिथं, दवाखाना तिथं, लेकीचं कॉलेज तिथं. ज्या दिवशी आमच्या आक्का पूर्ण कप चहा पिऊन बाजाराला निघतील, त्या दिवशी आम्ही परत पेढे वाटू.