विलार्डचे उंदीर काय शिकले?

एका एकलकोंड्या कारकुनाला आई बागेतले उंदीर बुडवून मारायला सांगते. त्याला ते जमत नाही. तो त्यांना खाऊ घालतो, शिकवतो, त्यांच्याकडून चोऱ्यांत मदत घेतो आणि शेवटी ज्या साहेबानं त्याला छळलं त्याच्यावर ती फौज सोडतो. उत्तर आयर्लंडचे लेखक स्टीफन गिल्बर्ट यांची ‘रॅटमन्स नोटबुक्स’ ही रोजनिशीच्या रूपातली कादंबरी १९६८ साली आली. तिच्यावरचा ‘विलार्ड’ १९७१ मध्ये पडद्यावर आला आणि तुफान चालला. पुढच्याच वर्षी ‘बेन’ हा त्याचा दुसरा भाग आला. त्याचं शीर्षकगीत कोवळ्या वयातल्या मायकेल जॅक्सननं गायलं होतं. २००३ मध्ये ‘विलार्ड’ पुन्हा नव्यानं निघाला.

यातली भीती आपल्याला परकी नाही. भिलाईच्या सेक्टरांतल्या क्वार्टरमध्ये पावसाळ्यात माळ्यावर खुडबुड झाली की सगळं घर जागं होतं. शिवाय मराठी माणसाच्या मनात १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगची आठवण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडत. उंदरांवरच्या पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, असं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये मांडलं. त्यावर विश्वास बसायला पुढे बरीच वर्षं आणि परळच्या प्रयोगशाळेतले प्रयोग लागले. तेव्हा उंदीर म्हटल्यावर अंगावर काटा येण्यात आपली काहीच चूक नाही.

मात्र उंदीर खरोखर हुकूम पाळतो का? शिकतो, हे नक्की. पण तो शिकतो खाण्यासाठी, आणि एका वेळी एक पायरी. योग्य हालचाल झाली की ठरावीक आवाज, आवाजामागोमाग घास. हे शेकडो वेळा झालं की आवाजालाच बक्षिसाचं मोल येतं. ‘विलार्ड’मध्ये साहेबाच्या भूमिकेतल्या अर्नेस्ट बोर्गनाइनच्या अंगावर उंदीर तुटून पडतात, त्या दृश्यासाठी त्याला पीनट बटर फासलं होतं. पडद्यावर जो सूड दिसतो, तो चित्रीकरणात नुसता नाश्ता होता!

उंदराचा मूळ स्वभाव तर फौजेच्या अगदी उलट. नवी वस्तू दिसली की तो बिचकतो, नवं अन्न आधी कणभर चाखतो. खाऊन पोट बिघडलं तर त्या चवीकडे पुन्हा फिरकत नाही. म्हणूनच विषाची गोळी एकदा फसली की घरातले उंदीर तिला तोंड लावत नाहीत. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. नळीत कोंडलेल्या सोबत्याला उंदरांनी दार उघडून सोडवलं. शेजारी चॉकलेट ठेवलं, तरी अनेकदा आधी त्याला सोडवलं आणि मग खाऊ वाटून खाल्ला.

शिकवलेल्या उंदरांचं खरं काम पाहायचं तर कंबोडियातल्या सुरुंग पेरलेल्या जमिनीकडे जायला हवं. तिथे ‘अपोपो’ ही संस्था आफ्रिकेतले थोराड, गालात पिशव्या असलेले उंदीर वापरते. आपल्या घरातल्या उंदरापेक्षा ही जात निराळी. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, मध्ये दोरी ताणलेली असते. अंगाला पट्टा बांधलेला उंदीर त्या दोरीच्या आधारानं नाक जमिनीला लावून जातो. टीएनटीचा वास आला की थांबून माती उकरतो. सरावात खूण बरोबर निघाली की ‘टिक’ आवाज आणि केळ्याचा तुकडा. धातुशोधक यंत्र प्रत्येक खिळ्यापाशी बोंब मारतं. उंदीर मात्र फक्त स्फोटकाचाच वास धरतो, आणि त्याच्या किलो-सव्वा किलो वजनानं सुरुंग फुटत नाही. टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात पालथी घालतो. यंत्र घेतलेल्या माणसाला त्याच जागेसाठी चार दिवससुद्धा लागू शकतात. मगावा नावाच्या उंदरानं ७१ सुरुंग शोधले. २०२० मध्ये त्याला ब्रिटनच्या ‘पीडीएसए’ संस्थेचं सुवर्णपदक मिळालं.

भिलाईकरांना हे दूरचं वाटू नये. आपल्या पोलाद कारखान्याचं लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून आलं. तिथून रावघाटकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचं काम सशस्त्र दलांच्या पहाऱ्यात झालं. बस्तरच्या कच्च्या रस्त्यांखाली माओवाद्यांनी पुरलेल्या स्फोटकांनी कितीतरी जवान आणि गावकरी मारले. तिथे वास घेण्याचं काम केंद्रीय राखीव पोलीस दलाची बेल्जियन मॅलिनॉय कुत्री करतात. तत्त्व तेच: वास, खूण, बक्षीस.

गिल्बर्टची कादंबरी मला म्हणूनच मोठी वाटते. तिच्यात उंदीर क्रूर होतात, पण ती क्रूरता मुळात कारकुनाची आहे. ती त्यानं त्यांच्या हाती दिली. विज्ञानाच्या बाजूनं एवढीच दुरुस्ती करावी लागते की उंदराला द्वेष शिकवता येत नाही, फक्त बक्षीस कुठे आहे ते शिकवता येतं.

हे सगळं खरं असलं, तरी उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिस होतो आणि धान्याची नासाडी होते, तेव्हा त्यांना घराबाहेर ठेवायलाच हवं. धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, भिंतीतली बिळं सिमेंटनं बुजवा, रात्री खरकटं उघड्यावर टाकू नका. पिंजरा लावायचा तर लावा, पण चिकट पुठ्ठे आणू नका. त्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडत मरतो, आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळानंही त्यांच्या वापराला विरोध केलेला आहे.