पेढी आणि कॅम्प

"दोघंही बाहेरूनच आले ना? मंग पाहा, बाजार कोणाच्या हाती हाये." खामगाव किंवा मलकापूरच्या बाजारपेठेत चहाच्या टपरीवर असं काहीतरी कधी ना कधी कानावर पडतंच. दोघं म्हणजे मारवाडी आणि सिंधी. बोलण्यात थोडं कौतुक असतं, थोडा मत्सर असतो, आणि बोलणारा शेतकरी असेल तर सावकारीची जुनी सलही असते. पण या एका वाक्यात दोन अगदी वेगळे प्रवास एकाच गाडीत कोंबलेले असतात. मारवाडी इथं आला तो कापसाच्या मागं, आपल्या हिशेबानं. सिंधी आला तो फाळणीच्या रेट्यानं, हिशेबाच्या वह्या मागं टाकून. मध्ये जवळपास ऐंशी वर्षांचं अंतर. आज दोघांची दुकानं शेजारी शेजारी दिसतात म्हणून दोघांचं बरं चाललंय, एवढंच म्हणून भागत नाही.

घाटावर आणि घाटाखाली अशी आपल्या बुलढाणा जिल्ह्याची जुनी वाटणी. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव पूर्णेच्या खोऱ्यात. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि 1860च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे घाटाखालून निघाली. त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा कापसासाठीच टाकला गेला. 1870 मध्ये तो सुरू करायला खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. रेल्वेबरोबर तारायंत्र आलं, युरोपीय कंपन्यांचे खरेदीदार आले, सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले. इंग्लंडातल्या भावाची बातमी खामगावच्या बाजारात आता तारेनं येऊ लागली.

युरोपीय कंपनीला गाठी हव्या असत. शेतकऱ्याला पेरणीच्या आधी पैसा हवा असे. या दोघांच्या मधली जागा भरायला शेखावाटी, बिकानेर, जोधपूरकडची माणसं उतरली. ती एकेकटी आली असं आपल्याला वाटतं, लोटा-दोरी घेऊन आलेला मारवाडी ही गोष्टही आपण चवीनं सांगतो. पण लोट्याखेरीज त्याच्याकडं आणखी एक गोष्ट होती: पोचायचा पत्ता. थॉमस टिंबर्ग या अमेरिकन अभ्यासकानं मारवाडी व्यापाऱ्यांवरच्या आपल्या पुस्तकात 'बासा' या व्यवस्थेची नोंद केली आहे. बासा म्हणजे जातभाईंनी मिळून चालवलेली खाणावळ आणि मुक्कामाची जागा. देशाहून आलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर थेट तिथं उतरायचं. जेवण घरच्यासारखं, रांधणारा महाराज गावाकडचा, झोपायला पेढीची गादी. सकाळी मुनीमजींच्या शेजारी बसून मोडी, मुडिया आणि व्याजाचं कोष्टक शिकायचं. चार वर्षांत गुमास्ता, दहा वर्षांत एखाद्या लहान गावी दुकान, तेही मोठ्या पेढीच्या उधारीवर. दुकान बुडालंच तर परत गादीवर. हुंडी एका शहरात लिहायची आणि दुसऱ्या शहरात वटवायची, कारण दोन्हीकडं सोयरे.

माणूस नसला तर दत्तक घ्यायचा, हीसुद्धा या जाळ्याचीच रीत. जमनालाल बजाज आपल्याला वर्ध्याचे म्हणून ठाऊक. त्यांचा जन्म 1889 मध्ये सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. वर्ध्याच्या बच्छराज शेठांच्या घरी ते लहानपणी दत्तक आले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी तर 'विदर्भ केसरी' झाले, संविधान सभेत बसले आणि पुढं जुन्या मध्य प्रदेशाचे अर्थमंत्रीही झाले. आपल्या मलकापूरनं चैनसुख संचेती यांना 1995 पासून सलग पाच वेळा आमदार केलं, 2019 मध्ये पाडलं आणि 2024 मध्ये पुन्हा निवडून दिलं. पाडणं आणि परत आणणं हे दोन्ही मला सारखंच महत्त्वाचं वाटतं. उमेदवार 'बाहेरचा' उरला नाही, याची ती पावती आहे.

अर्थात सगळे शेठ नव्हते. बाहेरून सरसकट 'मारवाडी' म्हटलं तरी आत माहेश्वरी, अगरवाल, ओसवाल असे थर आहेत. त्यांच्यामागून आलेले स्वयंपाकी, भिक्षुक, मिस्त्री, सुतार-सोनार यांच्या नशिबी ना पेढी आली ना हवेली. खामगावला रजतनगरी म्हणतात त्यातला मोठा वाटा कारागिरांच्या हातांचा आहे, गादीवर बसणाऱ्यांचा नव्हे.

आणि या भरभराटीची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. रयतवारीनं जमीन विकता-गहाण टाकता येऊ लागली, सारा रोखीत भरायचा आला, आणि दुष्काळाच्या वर्षी गहाणखत खरेदीखत होऊन बसलं. मध्य प्रांत-वऱ्हाडात 1933 आणि 1939 मध्ये कर्जनिवारणाचे कायदे करावे लागले ते उगाच नाही. सावकारी कुठल्या एका जातीची नव्हती. देशमुख-पाटलांच्या वाड्यांतही ती चालत होती, आणि ती संपली असंही नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या सावकाराविरुद्धच्या तक्रारी नोंदवू नयेत म्हणून वरून दबाव आल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये राज्य सरकारला दहा लाखांचा दंड ठोठावला होता. नवा सावकारी नियमन कायदा यायला 2014 उजाडलं.

मारवाडी व्यापाराची खरी कसोटी 1972 मध्ये लागली. कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि ज्या मालासाठी ही माणसं शंभर वर्षांपूर्वी आली होती, तोच माल सरकारनं एका फटक्यात त्यांच्या हातून काढून घेतला. एखादा समाज याच धक्क्यानं बसला असता. इथं तसं झालं नाही. डाळ मिल, तेलगिरणी, कापड, किराणा, औषधं, आणि पुढं सोयाबीन. भांडवल एका पिकात अडकलेलं नव्हतं, आणि सोयरे अकोला, जालना, इंदूर, मुंबईला होते. बुलढाण्यात तर राधेश्याम चांडक यांनी 1986 मध्ये बुलडाणा अर्बन पतसंस्था काढली. तिची गोदामं आज शेतमाल तारण ठेवून शेतकऱ्याला कर्ज देतात. पेढीचंच काम, पण सभासद, लेखापरीक्षण आणि सहकार खात्याच्या नजरेखाली.

आता दुसरी वाट. 1947 मध्ये पंजाब आणि बंगाल चिरले गेले. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. याचा परिणाम पुढं पिढ्यान्‌पिढ्या झाला. पूर्व पंजाबातून मुसलमान निघून गेले आणि त्यांच्या सोडलेल्या जमिनी पश्चिमेकडून आलेल्या शेतकऱ्यांना मिळाल्या. सिंधी हिंदूंसाठी भारतात असा रिकामा झालेला मुलूखच नव्हता. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेलेही बोटींत बसले. दहा लाखांहून जास्त माणसं आली. सरकारनं जिथं लष्कराच्या मोकळ्या बराकी आणि पडीक जागा होत्या, तिथं त्यांना उतरवलं. कल्याणच्या छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. आपल्या बाजूला जळगावची सिंधी कॉलनी, अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प, नागपूरचा जरीपटका ही त्याच काळाची नावं. खामगाव-मलकापूरच्या सिंधी वस्त्या या साखळीतल्या लहान कड्या.

यांच्यासाठी बासा नव्हता. उतरायला सरकारी शेड, हाती शिधापत्रिका. त्यात जमीनदार होते, आमिल म्हणवणारे सरकारी नोकरदार होते, शिकारपूरचे हुंडीवाले होते आणि खेड्यातले किराणावालेही होते. कॅम्पात सगळे एका रांगेत आले. भाषा इथं कुणाला कळेना, उधारी कोणी देईना, कारण ओळख नाही. मग बायांनी घरात पापड लाटले, मुलांनी रेल्वे फलाटावर गोळ्या-बिस्किटं विकली, बापानं सायकलीवर कापडाचा गठ्ठा बांधून खेडी पालथी घातली. नफा इतका थोडा, की जुने दुकानदार हसत. पण माल रोज विकला जाई, पैसा रोज हाती येई आणि संध्याकाळी परत मालात जाई. गादीवाल्याचं गिऱ्हाईक उधारीनं बांधलेलं असतं. सिंध्यानं ते स्वस्ताईनं सोडवलं. दोन समाजांच्या धंद्यात आजही जो पोताचा फरक जाणवतो त्याचं मूळ मला इथं दिसतं, रक्तात वगैरे नव्हे.

त्याच लाटेत पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी तळायला घेतली. आज ती शेगावची म्हणूनच ओळखली जाते. निर्वासिताचा पदार्थ गावाचा होऊन बसतो, हे सुख मात्र फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

आपल्या हिशेबानं आलेला आणि रेट्यानं आलेला, ही जोडी युरोपातही दुसऱ्या नावांनी भेटते. युगोस्लाव्हियाशी 1968 मध्ये करार करून पश्चिम जर्मनीनं कामगार बोलावले. त्यात सर्ब पुष्कळ. एक भाऊ आला, त्यानं दुसऱ्याला कारखान्यात लावलं, पगार गावी जाऊ लागला. पूर्व सर्बियाच्या खेड्यांत या परदेशी कमाईची मोठमोठी घरं उभी आहेत आणि वर्षातले बरेच दिवस त्यांना कुलूप असतं. शेखावाटीतल्या चित्रांनी मढवलेल्या बंद हवेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना नवल वाटणार नाही. युक्रेनी लोक मात्र 2022 मध्ये एका झटक्यात आले, बहुतेक बायका-मुलं. युरोपीय संघानं 2001 चा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम त्यांच्यासाठी पहिल्यांदा वापरला आणि चाळीस लाखांहून अधिक लोकांना राहण्याचा, काम करण्याचा हक्क दिला. शिक्षण सर्ब कामगारांपेक्षा जास्त, तरी शिक्षिका हॉटेलात खोल्या साफ करते, कारण भाषा येत नाही आणि पदवी मान्य होत नाही. तिथं निदान कागद पहिल्या दिवशी मिळाला.

आपल्याकडं अडलं ते कागदापाशी. विस्थापितांच्या भरपाईचा कायदा 1954 मध्ये झाला. सिंधमधल्या मालमत्तेचे दावे तपासून, कापून, काही रोख्यांत तर काही मालमत्तेत चुकते केले गेले. पण ज्या भुईवर कॅम्प उभा होता ती पुष्कळ ठिकाणी सरकारचीच राहिली, कुठं भाडेपट्ट्यानं, कुठं नुसत्या ताब्यानं. याचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय होतो ते पाहा. घर दुमजली झालंय, खाली दुकान चालतंय, जीएसटी भरला जातोय. पण आखीव पत्रिकेवर मालक म्हणून सरकार. बँक तारण घेत नाही. दोन भावांत वाटणी नोंदत नाही. विकायचं तर साध्या कागदावर, निम्म्या भावात. राज्य मंत्रिमंडळानं सिंधी विस्थापितांचे पट्टे नियमानुकूल करण्यासाठी विशेष अभय योजना मंजूर केली ती 2025 मध्ये, म्हणजे आजोबांच्या जागेचा कागद नातवाच्या हाती.

म्हणून नुसती दुकानं मोजून दोघांची तुलना करू नये. जनगणनाही यात फार मदत करत नाही: ती सिंधी भाषा मोजते (2011 मध्ये देशभरात सुमारे 27.7 लाख), समाजाची मिळकत मोजत नाही. मारवाडी बोलणारे तर हिंदीच्या खात्यात जमा होतात. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारावेत. धंदा बसला तर कुठं जाता येतं? मारवाड्याला देस आहे, कुलदेवी आहे, मुलाचं जावळ काढायला तिथं जाता येतं. सिंध्याची कुलदैवतं आणि नदी व्हिसाच्या पलीकडं. चेटीचंडला झूलेलालची मिरवणूक निघते ती पाण्यापाशी जाते, आणि ते पाणी सिंधूचं नसतं. मुलं घरी काय बोलतात? सिंधीला आठव्या अनुसूचीत 1967 मध्ये जागा मिळाली, पण राज्य नसल्यानं शाळा टिकल्या नाहीत. खामगावचा सिंधी पोरगा मराठी-हिंदीत सराईत असतो आणि आजीची सिंधी त्याला समजते तेवढीच. राजकारणात कोण आहे? या जिल्ह्यात तरी आमदारकीपर्यंत मारवाडी पोचला, सिंधी नगरपालिकेच्या आसपास. पैशात दोघं जवळ आले असतील. बाकीच्या रकान्यांत अजून अंतर आहे.

आणि हेच प्रश्न आता आपल्याच पोरांना विचारायची वेळ आली आहे. घाटावरच्या गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांना पत्ता असतो तो मुकादमाचा, आणि भांडवल म्हणजे त्याची उचल, जी कामानं फिटेपर्यंत गळ्यात राहते. मोताळा-मेहकरकडचा आयटीआय झालेला मुलगा चाकणला जातो तो गावच्याच कुणाच्या खोलीवर. पाच-सहा जण, एक गॅस, आळीपाळीनं पोळ्या. नवा आलेला महिनाभर फुकट जेवतो आणि जुना त्याचं नाव ठेकेदाराला सांगतो. बासा सुरू झालाय. गुमास्त्याला पुढं दुकान काढून देणारी पेढी मात्र तिथं कोणाची नाही, आणि खोलीचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो.