ड्रोन उडवा, पण कागद खिशात ठेवून!

गेल्या वर्षी जयंतीच्या तयारीसाठी आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक बसली होती. वर्गणी, मंडप, लाइट, मिरवणुकीचा मार्ग असे विषय चालू असताना एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "काका, यंदा बिंदू चौकातल्या मिरवणुकीचं वरनं शूटिंग मी करतो. माझ्याकडं ड्रोन आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतोच.

बिंदू चौक म्हटले की कोल्हापूरच्या माणसाचा ऊर भरून येतो. बाबासाहेब हयात असताना, ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे या चौकात उभे राहिले. त्या चौकातला निळा सागर आकाशातून दिसावा असे कोणाला वाटणार नाही?

पण बैठक संपल्यावर त्या मुलाची आई आमच्याजवळ आली. चार घरची धुणीभांडी करून तिने मुलाला बारावीपर्यंत शिकवले आहे. ती म्हणाली, "दादा, ह्याला लायसन लागतंय का हो? पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. उद्या केस झाली तर काय करायचं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तिला दोन दिवस मागितले, नियम मिळवले आणि रात्री बसून वाचले. त्यातून जे समजले ते सर्व आईबापांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहोत.

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम लागू केले. या नियमांत ड्रोनची प्रतवारी वजनावर केली आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि त्यापुढे २५ किलोपर्यंतचा स्मॉल. याहून मोठ्यांशी आपला संबंध येत नाही. नॅनो ड्रोन उडवायला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवला तर त्यालाही लागत नाही. पूर्वी या कागदाला परवाना म्हणत, फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीपासून त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र म्हणतात.

मग घोडे अडते कुठे? हौस संपून कमाई सुरू होते तिथे! पाव किलोच्या वरचा ड्रोन घेऊन लग्नाची ऑर्डर घेतली, चार पैसे हातात पडले, की तो धंदा झाला आणि प्रमाणपत्र आवश्यक झाले. आपली मुले ड्रोन घेतात ती पहिल्या दिवसापासून लग्नाच्या ऑर्डरीचा हिशोब करूनच घेतात. कर्ज काढून घेतलेली वस्तू नुसती हौस म्हणून कोण ठेवील?

दुसरी गोष्ट नोंदणीची. चालकाला प्रमाणपत्र लागत नसले म्हणून मायक्रो ड्रोनची नोंदणी चुकत नाही. सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. गाडीला नंबर असतो तसा हा ड्रोनचा नंबर. त्याची फी फक्त १०० रुपये आहे. तिसऱ्या माणसाचे नुकसान झाले तर भरपाई मिळावी म्हणून नॅनो सोडून इतर ड्रोनला विमाही लागतो. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरी गोष्ट जागेची. देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. पिवळ्या भागात विमान नियंत्रण कक्षाची परवानगी लागते, तर लाल भागात केंद्र सरकारची. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. आता आपला उजळाईवाडीचा विमानतळ शहराला किती जवळ आहे ते पाहा. कोल्हापूर शहराचा बराचसा भाग त्यापासून आठ किलोमीटरच्या आतच येतो. बिंदू चौकही त्यातच. शिवाय पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी नकाशा पाहावा आणि पोलीस ठाण्यात विचारावे.

हे सारे समजल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. ड्रोन काट्यावर ठेवला, तर भरला सहाशे ग्रॅम. खोक्यावर परदेशी लिपी. पावती मागितली, तर ती नव्हतीच. "ओळखीच्यानं बाहेरनं आणून दिला," एवढेच उत्तर मिळाले. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. त्यानंतर चोरवाटेने आलेल्या, ना पावती ना सरकारी मान्यता अशा वस्तूची नोंदणी कशाच्या आधारावर करणार? मुलाचा चेहरा उतरला. आठ महिने गॅरेजमध्ये काम करून साठवलेले पैसे त्यात गेले होते. आई पदर तोंडाला लावून बसली. आम्हालाही वाईट वाटले. पण मिरवणुकीत ड्रोन उडाला असता, बॅटरी संपून एखाद्या लेकराच्या डोक्यावर पडला असता, तर काय झाले असते? गुन्हा नोंद झाला असता आणि भरतीची वाट कायमची बंद झाली असती.

त्या वर्षी मिरवणुकीचे शूटिंग एका घराच्या गच्चीवरून साध्या कॅमेऱ्याने झाले. ते छानच झाले.

आता खरी सांगायची गोष्ट. प्रमाणपत्र मिळवणे आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे आहे काय? मुळीच नाही. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण, एवढ्याच मुख्य अटी आहेत. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. पूर्वी यासाठी पासपोर्ट मागत. कष्टकऱ्याच्या घरात पासपोर्ट कुठून असणार? सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने ही अडचण दूर झाली. आता मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना चालतो. कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय ज्या विद्यापीठाचे आहे, त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठालाही असे प्रशिक्षण देण्याची मान्यता मिळालेली आहे. प्रशिक्षणाची फी मात्र हजारांत जाते. येथे समाजाने हात द्यायला हवा. जयंतीच्या वर्गणीतून डॉल्बीचा एक दिवस कमी केला, तर एका मुलाची फी सहज निघेल.

आणि हे काम नुसते लग्नाच्या शूटिंगचे नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते आणि त्यावरून घरांच्या मालकीचे कागद तयार होतात. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्त्यांना या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. शेतात औषध फवारणीसाठी बचत गटांतील महिलांना ड्रोन देण्याची योजनाही २०२३ साली केंद्राने मंजूर केली. मोजणारा, फवारणारा हात आपल्या मुलामुलींचा का नसावा?

याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन खालसा करून आपल्याला वेठबिगारीतून मोकळे केले आणि अस्पृश्य तरुणांच्या हातात वकिलीच्या सनदा दिल्या. सनद म्हणजे एक कागदच. पण त्या कागदामुळे माणूस कोर्टात ताठ मानेने उभा राहिला. आज ड्रोनचे प्रमाणपत्र ही तशीच एक छोटी सनद आहे. ती असली की पोलीसदादा समोर आला तरी मुलाला पळावे लागत नाही, खिशातून कागद काढून दाखवता येतो.

तो मुलगा सध्या प्रशिक्षणाच्या फीसाठी पैसे साठवतो आहे. या वेळी आई गल्ला स्वतःजवळ ठेवते. विहाराच्या कमिटीने निम्मी फी देण्याचे ठरवले आहे. आता ड्रोन घेईल तो पक्क्या पावतीचा, सरकारमान्य आणि नंबराचा.

आईबापांनो, मुलगा ड्रोन मागत असेल तर त्याला रागावू नका. वजन किती, पावती कुठे, नंबर कुठे आणि उडवणार कुठे, हे चार प्रश्न विचारा. चारही उत्तरे मिळाली की खुशाल उडवू द्या.

जयभीम!